बुडालेली जहाजे आणि हौशी पाणबुडे : दर्शन व जतन यांची मर्यादा

हस्तलिखित पोथी पूर्ण करताना जुना लेखनिक अखेरीस एक विनंती लिहून ठेवी. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथीचे रक्षण करावे, आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये, असा त्या विनंतीचा आशय असे. वाराणसीत हस्तलिखितांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला हा आशय अपरिचित नाही. संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात बसून ज्याने बासने सोडली आहेत, त्याला पोथीचा पहिला शत्रू पाणी हे वेगळे सांगावे लागत नाही. समुद्राच्या तळाशी पडलेल्या जहाजाची स्थिती मात्र नेमकी उलट आहे. तेथे पाणी आणि गाळ यांनीच कित्येक शतके रक्षण केलेले असते. त्या जहाजाला भय असते ते हवेचे आणि हातांचे. लेखनिकाने सांगितलेल्या भयांपैकी शेवटचे तेवढे पोथीला आणि जहाजाला समान आहे.

या समानतेमुळेच सागरी पुरातत्त्वातील एक प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावा असा झाला आहे. पाण्याखाली श्वास घेण्याची साधने सर्वसामान्यांच्या हाती आल्यापासून बुडालेली जहाजे पाहणे हा एक हौशी छंद झाला, आणि त्या छंदावर अनेक किनाऱ्यांवरील लोकांची उपजीविका उभी राहिली. गोव्यात ग्रँड आयलंडच्या परिसरात आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण-तारकर्लीला ‘स्कूबा’ हा शब्द आता मासळीच्या नावांइतकाच रूढ आहे. त्याच समुद्रात इतिहासाची काही अत्यंत नाजूक साधनेही पडलेली आहेत. पाहणाऱ्याला पाहू द्यावे की अवशेषांभोवती कुंपण घालावे, असा हा प्रश्न सामान्यतः मांडला जातो. परंतु या मांडणीत खरी सीमारेषा चुकीच्या जागी पडते. पाहणे आणि न पाहणे यांच्यामध्ये ती नाही. पाहणे आणि उचलणे यांच्यामध्ये आहे. प्रस्तुत लेखात गोवा व कोकण येथील उदाहरणांच्या आधारे हेच स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. जहाज हे कोणत्या प्रकारचे साधन?

जमिनीवरील वसाहत ही थरांची बनलेली असते. एकाच जागी पिढ्यानपिढ्या लोक राहतात, जुने मोडतात, नवे बांधतात. त्यामुळे उत्खननात हाती आलेल्या दोन वस्तू एकाच काळी वापरात होत्या की नाही, हे ठरविणे कठीण जाते. जहाज एका दिवशी, बहुधा काही घटकांत बुडते. त्याच्या पोटातील तांदूळ, तोफा, खलाशांची भांडी, व्यापाऱ्याचा माल आणि बांधणीचे लाकूड ही सर्व एकाच क्षणी एकत्र होती, असे निश्चितपणे म्हणता येते. इतिहासात असे ‘निश्चितपणे’ म्हणण्याचे प्रसंग थोडे असतात.

परंतु ही निश्चितता वस्तूंमध्ये नसते. ती वस्तूंच्या परस्परसंबंधांत असते. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या खाली होती, तोफ नाळेकडे होती की वरामाकडे, मातीचे भांडे मालाच्या राशीत होते की स्वयंपाकाच्या जागेजवळ, यांवरून जहाजाची दिशा, मालकी, प्रकार आणि कधीकधी बुडण्याचे कारणही उलगडते. पोथीतून एखादे सुंदर पान काढून चौकटीत बसविले, तर पान टिकते. पण पाठ तुटतो. समुद्रतळावरून स्मरणचिन्ह म्हणून उचललेल्या बशीचे तेच होते. दिवाणखान्यात ती बशी सुरक्षित राहील; पण ती काय सांगत होती हे सांगणारे आता कोणी उरत नाही.

पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननालाही हा दोष सर्वथा चुकत नाही. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारी पोथी. पान वाचले की ते नाहीसे होते. म्हणूनच प्रत्येक वस्तूची जागा, खोली आणि दिशा नोंदल्याशिवाय ती हलवायची नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, संहितेबाहेर ठेवलेला पाठही तळटीपांत नोंदला आहे. पुढच्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय तपासता यावा, हा त्यामागील हेतू. सागरी उत्खननाच्या आराखड्यांमागेही हाच हेतू असतो. नोंद न करता उचलणारा मनुष्य पंडित असो वा पर्यटक, परिणाम एकच होतो.

२. गोव्याच्या समुद्रातील तीन साक्षी

भारतात सागरी पुरातत्त्वाचे पद्धतशीर काम प्रामुख्याने गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून सुरू झाले. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांनी १९८० नंतरच्या दशकात या कामाचे नेतृत्व केले आणि द्वारकेच्या समुद्रातील शोधामुळे ते सर्वश्रुत झाले. पुढे संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या खडकांकडे लक्ष वळविले. तेथील तीन ठिकाणे या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत.

पहिले सुंची रीफ. येथे उथळ पाण्यात लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, साठवणीच्या मोठ्या भांड्यांची खापरे, काचेच्या बाटल्यांचे बूड, विटा आणि घडविलेले दगड मिळाले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हे पोर्तुगीज जहाज असावे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. यांतील प्रत्येक वस्तू सुटी घेतली, तर फारसे काही सांगत नाही. हस्तिदंत भारतातही होते. पाणघोडा मात्र त्या काळी आफ्रिकेखेरीज कोठे नव्हता. त्याचे दात शेजारी असल्यामुळे हस्तिदंताचाही उगम पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे शोधावा लागतो. त्यांच्या शेजारी चिनी भांडी असल्यामुळे आफ्रिका, गोवा आणि पूर्वेकडील समुद्र यांना जोडणारे व्यापाराचे जाळे डोळ्यांसमोर उभे राहते. उद्या एखाद्या पाहुण्याने केवळ पाणघोड्याचा दात नवलाची वस्तू म्हणून खिशात घातला असता, तर त्या जाळ्याची मुख्य गाठच सुटली असती.

दुसरे सेंट जॉर्ज रीफ. येथे मातीच्या भाजलेल्या बांधकाम-साहित्याचा माल सापडला : कोन्याची कौले, छपराच्या टोकावर बसवायचे कळस, खांबांचे भाग आणि त्यांचे शिरोभाग, फरशा, धुराड्याच्या विटा. त्यांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे वर्ष उमटविलेले आहे. मंगळुरी कौल ज्यांच्या घरावर आहे किंवा होते, अशा कोकणातील वाचकाला या मालाची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु येथे एक सावधगिरी हवी. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूर येथे आपला कारखाना स्थापन केल्याचे वर्ष आहे. ते मालावर मुद्रेसारखे वापरले जाई. त्यामुळे जहाज १८६५ साली बुडाले असे या मुद्रेवरून ठरत नाही. ते त्या वर्षापूर्वी बुडालेले नाही, एवढेच ठरते. पोथीतील शक पोथीच्या मूळ रचनेचा की तिच्या नकलेचा, हा प्रश्न ज्याने सोडविला आहे, त्याला ही अडचण चटकन उमगेल. जहाज नेमके केव्हा बुडाले हे ठरवायचे, तर मालाच्या घडणीचे प्रकार आणि शेजारची इतर भांडी यांचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे येथेही साक्ष देतो तो समुदाय. एकटे कौल नव्हे. आणि नावाचा ठसा असलेले कौल हेच तर घरी नेण्यास सर्वांत मोहक!

तिसरे आमी शोल्स. येथे वाफेवर चालणाऱ्या जहाजाचे बाष्पक, यंत्राचे भाग आणि भट्टीच्या विटा पडलेल्या आहेत. यात सोने नाही, चिनी माती नाही. म्हणूनच अशा अवशेषांकडे ‘भंगार’ म्हणून पाहण्याचा मोह अधिक. वस्तुतः शिडांकडून वाफेकडे झालेले संक्रमण हा पश्चिम किनाऱ्याच्या आर्थिक इतिहासातील मोठा अध्याय आहे, आणि त्याची पाने लोखंडाची आहेत.

३. पाण्याखालचा तोल

बुडालेले जहाज समुद्रात ‘कुजत पडलेले’ असते, ही समजूत अर्धीच खरी आहे. बुडाल्यानंतरच्या प्रारंभीच्या काळात नाश वेगाने होतो. लाटा सांगाडा मोडतात. उष्ण समुद्रात उघडे राहिलेले लाकूड सागरी कृमी पोखरून टाकतात. हा कृमी वस्तुतः शिंपल्याच्या कुळातील जीव आहे. देशी जहाजांच्या बुडाला तेल-चुन्याचा लेप देण्याची जुनी चाल होती, ती याच्याच भयाने. परंतु जो भाग गाळाखाली जातो, तेथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, कृमी जगत नाहीत, आणि क्षय अत्यंत मंद होतो. लोखंडी तोफेवर क्षार, वाळू आणि सागरी जीवांची कवचे यांचे कठीण पुट चढते. त्याच्या आत गंजण्याचा वेग घटतो. अशा रीतीने अवशेष आणि परिसर यांच्यात एक तोल साधला जातो.

हा तोल बिघडविण्यास फार थोडे पुरते. नवख्या पाणबुड्याच्या पायांतील पंख तळाला घासले, तर गाळ उडतो आणि झाकलेले लाकूड उघडे पडते. तोफेवरील पुटाचा एक कोपरा निघाला, तर तेथून गंज पुन्हा आत शिरतो. लोखंडी जहाजाच्या बंद कोठडीत पाणबुड्यांनी सोडलेले बुडबुडे छताशी साठले, तर तेथे हवेचा थर तयार होऊन पत्रा अधिक वेगाने झिजतो. या सर्वांपेक्षा मोठे नुकसान करतो तो पाणबुडा नव्हे, तर त्याला घेऊन येणाऱ्या होडीचा नांगर. दररोज दहा होड्यांनी एकाच अवशेषावर नांगर टाकावा, आणि भरतीच्या ओढीने तो फरफटत जावा, हे एखाद्या पोथीवर रोज दगड ठेवण्यासारखेच आहे. तांबड्या समुद्रात १९४१ साली बुडालेल्या ‘थिसलगॉर्म’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाला पर्यटकांच्या होड्यांच्या दोरांनी व नांगरांनी अशीच इजा पोहोचविली. स्मरणचिन्हे गोळा करणाऱ्यांनी उरलेसुरले नेले.

यावर वस्तू वर काढून संग्रहालयात ठेवाव्यात, असा उपाय सुचविला जातो. पण वर काढणे म्हणजे वाचविणे नव्हे. समुद्रात शतके काढलेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. ते काढून न टाकता लोखंड वाळविले, तर त्याचे पापुद्रे निघून तुकडे होतात. पाण्याने भरलेल्या लाकडाच्या पेशी वाळताना खचतात. हस्तिदंताला भेगा पडतात. स्वीडनचे ‘वासा’ हे १६२८ साली बुडालेले जहाज १९६१ साली वर काढण्यात आले. त्याचे लाकूड खचू नये म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रव्याचा फवारा तब्बल सतरा वर्षे मारावा लागला. शिवाय बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा कृमी नव्हता, ही वासाची नशिबाची बाजू. इतका खर्च आणि इतका धीर फार थोड्या संस्थांपाशी असतो. म्हणून आज सागरी पुरातत्त्वात स्वस्थानी जतन, म्हणजे वस्तू आहे तेथेच राखणे, हा पहिला पर्याय मानला जातो. युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी संमत केलेल्या आणि २००९ पासून अमलात आलेल्या पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या करारातही हेच तत्त्व सांगितले आहे. किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना तो लागू होतो. अवशेषांच्या व्यापारी उपयोगाला त्याचा विरोध आहे; पण अवशेषांना बाधा न आणता केलेल्या दर्शनाला विरोध नाही, उलट प्रोत्साहन आहे. ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते.

४. पाणबुड्या : अपराधी की साक्षीदार?

सागरी पुरातत्त्वाचा इतिहास पाहिला, तर हौशी आणि व्यवसायी पाणबुड्यांचे ऋण नाकारता येत नाही. ग्रीसमधील अँटिकिथेरा येथील प्रसिद्ध अवशेष १९०० साली स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना दिसले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर केप गेलिडोन्या येथे जॉर्ज बास यांनी १९६० साली जे उत्खनन केले, त्याने या शास्त्राचा पाया घातला. त्या जागेची वार्ताही मूळ स्पंज काढणाऱ्यांकडूनच आली होती. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ १५४५ साली बुडाले. त्याचा शोध अलेक्झांडर मॅकी यांच्या नेतृत्वाखाली हौशी पाणबुड्यांनी १९६५ पासून चिकाटीने केला. पुढे पाचशेहून अधिक स्वयंसेवक पाणबुड्यांनी उत्खननात भाग घेतला आणि १९८२ साली सांगाडा वर आला.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘गेल्डरमाल्सन’चे. हे जहाज १७५२ साली दक्षिण चिनी समुद्रात बुडाले. १९८५ साली मायकेल हॅचर याने त्यातील चिनी मातीची भांडी काढली, आणि १९८६ साली ॲम्स्टरडॅम येथे लाखाहून अधिक नगांचा लिलाव झाला. भांडी जगभर पोहोचली. जहाज कोठे पडले होते, कसे बांधले होते, माल कसा रचला होता, याची पुरातत्त्वीय नोंद मात्र झाली नाही.

या दोन उदाहरणांत फरक पाणबुड्यांच्या कौशल्याचा नाही. पाणी तेच, साधने तीच. फरक आहे तो नोंदीचा आणि हेतूचा. मेरी रोझच्या पाणबुड्याला शिस्त शिकविली गेली आणि त्याच्या कामाला मान मिळाला. म्हणून तो साक्षीदार झाला. ज्याला बंदीखेरीज काही मिळत नाही, तो अवशेषाची जागा लपवितो. आणि लपविलेली जागा बहुधा लुटली जाते.

कोकणात या साक्षीदाराची ओळख आणखी व्यापक करावी लागेल. समुद्रतळाचे पहिले ज्ञान येथे ना पुरातत्त्वज्ञाला असते, ना पर्यटकाला. ते असते रापणकराला आणि तांडेलाला. जाळे कोठे अडकते, कोठे ‘काहीतरी’ आहे, हे त्याला पिढीजात ठाऊक असते. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ साली झाली, तेव्हापासून तेथील मच्छीमार समाजाला संरक्षण या शब्दाचा अर्थ बहुतांशी निर्बंध असाच जाणवत आला. त्याच समाजातील तरुण आज पर्यटकांना समुद्रतळ दाखवून संसार चालवितात. त्यांना वगळून केलेले कोणतेही जतन कागदावरच राहील. अवशेष सुरक्षित राहिला तर आपली मिळकत टिकते, असा प्रत्यय ज्याला आला आहे, तो कोणत्याही पहारेकऱ्यापेक्षा अधिक दक्ष असतो. आणि समुद्रात पहारेकरी बसविणार तरी कोठे?

५. कायद्याची वीण

भारतीय कायद्यात पुराणवस्तूंचे रक्षण आहे. पण त्याची वीण मुख्यतः भूमीच्या मापाने घातलेली आहे. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष यांविषयीचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या स्थळांना लागू होऊ शकतो. परंतु एखादे स्थळ संरक्षित व्हायचे, तर त्याची सीमा आखून तशी घोषणा व्हावी लागते. पुराणवस्तू व कलानिधी यांविषयीच्या १९७२ च्या कायद्यात वस्तूसाठी शंभर वर्षांची, तर हस्तलिखितासाठी पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. हा कायदा प्रामुख्याने वस्तूंचा व्यापार आणि निर्यात यांवर नियंत्रण ठेवतो. वस्तू ज्या संदर्भात पडली आहे, त्या संदर्भाचे रक्षण हा त्याचा विषय नाही. तिकडे व्यापारी नौवहनाचा कायदा बुडालेल्या जहाजाकडे पाहतो तो मालकी, अडथळा आणि तारणाचा मोबदला या दृष्टीने. एकाच अवशेषाकडे एक कायदा वारसा म्हणून, दुसरा मालमत्ता म्हणून पाहतो. आणि होडीवाला कोणाला विचारावे या संभ्रमात राहतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ साली पाण्याखालील पुरातत्त्वासाठी स्वतंत्र शाखा स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी लक्षद्वीपमधील बंगाराम बेटाजवळ नौदलाच्या साहाय्याने ‘प्रिन्सेस रॉयल’ या जहाजाच्या अवशेषांवर काम केले. अशा शाखा हव्यातच. परंतु सात हजार किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या देशात एका शाखेच्या पाणबुड्यांनी सर्व अवशेषांवर लक्ष ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे व्यवहाराची शिस्त पोहोचवावी लागते.

६. समतोलाची रचना

सर्व अवशेषांना एकच नियम लावणे हे या प्रश्नातील मूळ चूक आहे. ग्रंथालयात छापील पुस्तक घरी नेता येते, दुर्मीळ ग्रंथ वाचनकक्षात बसून पाहता येतो, आणि जीर्ण पोथी ग्रंथपालाच्या समक्षच उघडते. अवशेषांची विभागणीही अशीच तीन प्रकारे करता येईल.

पहिला प्रकार मुक्त दर्शनाचा. अलीकडच्या काळातील लोखंडी जहाजे, ज्यांची कागदपत्रे पूर्ण आहेत आणि ज्यांत कोणाच्या मृत्यूची जागा नाही, ती हौशी पाणबुड्यांसाठी खुली असावीत. दुसरा प्रकार मार्गदर्शकासह दर्शनाचा. ज्या जागांची पाहणी व नोंद झाली आहे, तेथे प्रशिक्षित मार्गदर्शक, ठराविक संख्या आणि कायमचा बोया असावा. होडी बोयाला बांधावी, नांगर टाकू नये. क्रोएशियात अशा काही ठिकाणी प्राचीन कुंभांच्या राशींवर पोलादी जाळीचे पिंजरे बसविले आहेत. परवानाधारक केंद्रामार्फत पाणबुडे तेथे जातात, पाहतात आणि परततात. तिसरा प्रकार बंद जागांचा. ज्यांची नोंद व्हायची आहे, किंवा ज्यांच्या गाळात लाकडी सांगाडा शिल्लक असण्याचा संभव आहे, तेथे अभ्यासाखेरीज कोणी उतरू नये. अर्थात ‘बंद’ हा शब्द कायमचा नसावा. अभ्यास होईपर्यंतचा असावा. ज्या बंदीला अंत नाही, तिचा आदर होत नाही.

पहिल्या प्रकारच्या जागा कमी असतील, तर त्या निर्माण करता येतात. या दृष्टीने महाराष्ट्रातील एक अलीकडची योजना लक्षणीय आहे. भारतीय नौदलाची ‘गुलदार’ ही सैन्य किनाऱ्यावर उतरविणारी सुमारे ८४ मीटर लांबीची नौका १९८५ साली सेवेत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ साली ती महाराष्ट्र राज्याकडे सोपविण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारावी, अशी ही योजना. पर्यटनाच्या भाषेत तिची बरीच प्रसिद्धी झाली. पण जतनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. या नौकेच्या बांधणीचा आराखडा उपलब्ध आहे, सेवेचा इतिहास नोंदलेला आहे. तिच्यापासून इतिहासाला काही गमवायचे नाही. नवशिक्या पाणबुड्याने पाण्यात तोल सांभाळण्याचे, तळाला न शिवता तरंगण्याचे शिक्षण अशा जहाजावर घ्यावे आणि मगच जुन्या अवशेषाकडे जावे. बालबोध गिरविल्यावर मोडी वाचावी, तसा हा क्रम आहे.

मात्र दोन अटी विसरून चालणार नाही. नौका ठेवण्यापूर्वी तिच्यातील तेल, रंग आणि विषारी द्रव्ये काढलेली असली पाहिजेत. आणि जेथे ती ठेवायची त्या तळाची पुरातत्त्वीय पाहणीही आधी झालेली असली पाहिजे. नव्या जहाजाच्या ओझ्याखाली एखादे जुने जहाज गाडले गेले, तर ते दुर्दैव हास्यास्पद ठरेल.

याच्या जोडीला कळविण्याची सोपी रीत हवी. पाणबुड्याला काही आढळले तर त्याने ते उचलू नये; खोली, खूण आणि शक्य तर छायाचित्र यांसह कळवावे; आणि शोधाचे श्रेय त्याच्या नावाने नोंदले जावे. हस्तलिखित ज्याच्या घरी मिळाले, त्याचा उल्लेख संपादक प्रस्तावनेत कृतज्ञतेने करतो. एखाद्या तांडेलाचे नाव सागरी पुरातत्त्वाच्या अहवालात तसेच यावे, यात औदार्य नाही. ते केवळ न्याय्य आहे. जागा प्रसिद्ध केल्याने लुटारूंना वाट दाखविली जाते, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच तिसऱ्या प्रकारच्या जागांचा नेमका ठावठिकाणा प्रसिद्ध करू नये. परंतु ज्या खडकावर रोज जाळी अडकतात, तो खडक केवळ सरकारी कागदांत गुप्त ठेवून भागत नाही.

७. मराठी वाचकाचा संबंध

हा प्रश्न परक्या जहाजांपुरता असता, तरीही महत्त्वाचा ठरला असता. पण त्यात मराठी इतिहासाचाही वाटा आहे. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ साली केली. ज्या पाण्यात आज पर्यटक उतरतात, ते मराठी आरमाराचे पाणी आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. गुराब, गलबत, शिबाड, मचवा, तरांडे ही नावे बखरींतून आणि पत्रव्यवहारांतून आपल्याला मिळतात. नाव मिळते, संख्या मिळते, कधी तोफांची मोजदादही मिळते. पण फळ्या कशा सांधल्या होत्या, लाकूड कोणत्या रानातले होते, कोकणी सुताराने युरोपीय बांधणीतून काय घेतले आणि काय नाकारले, हे कागद सांगत नाही. ते सांगू शकेल असा एखादा सांगाडा कोणत्या खाडीच्या गाळात आढळलाच, तर त्यातील दोन फळ्यांचा एक सांधा सोन्याच्या पेटीहून मोलाचा ठरेल. त्यात सोने नसेल, चिनी माती नसेल. दिसेल ते काळे, निसरडे लाकूड. ते ओळखणारा डोळा पहिल्याने तेथे पोहोचेल की ते उपटणारा हात, यावर एका शास्त्राचे भवितव्य अवलंबून राहील.

हा डोळा बंदीने तयार होत नाही. तो शिक्षणाने तयार होतो. म्हणून हौशी पाणबुड्याला समुद्राबाहेर ठेवणे हे जतनाचे ध्येय असू शकत नाही. त्याला वाचक करणे हे ध्येय असले पाहिजे. जो वाचतो तो पान फाडत नाही, आणि दुसऱ्याने फाडलेले त्याला सहनही होत नाही. लेखनिकाने पोथी मूर्खाच्या हाती देऊ नका असे सांगितले. ती कोणाच्याच हाती देऊ नका असे त्याने कधी म्हटले नाही.